पिवळे टोक दिसेनासे होईपर्यंत: सोळा पिनांच्या दुरंगी केबलचे परीक्षण

संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागाला, वीज पुरवणाऱ्या सोळा पिनांच्या केबलचा जो दुरंगी प्रकार आता काही पॉवर सप्लायसोबत (संगणकाच्या भागांना वीज देणाऱ्या पेटीसोबत) मिळतो, त्यात प्लगचे कार्डाकडचे टोक पिवळे आणि उरलेला भाग काळा असतो. प्लग सॉकेटमध्ये पूर्ण बसला की पिवळा भाग आत जाऊन दिसेनासा होतो. पिवळ्याची बारीकशी कड जरी बाहेर राहिली, तरी जोडणी अपुरी आहे असे समजायचे. अशी एक केबल मी गेले आठ महिने माझ्या रोजच्या कामाच्या संगणकावर वापरतो आहे आणि इतरांना जोडून दिलेल्या चार यंत्रांवरही ती हाताळली आहे. हे परीक्षण एखाद्या कंपनीचे नसून या रचनेचे आहे, म्हणून उत्पादकाचे नाव येथे देत नाही. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. नवा पॉवर सप्लाय घेणार असाल तर दुरंगी प्लग असलेलाच घ्यावा. मात्र हा रंग प्लग किती खोल गेला एवढेच दाखवतो, जोडणी सर्व बाजूंनी पक्की झाली याची हमी देत नाही, आणि हा फरक न कळलेल्या माणसाला हीच केबल खोटा धीर देऊ शकते.

जुन्या आठ पिनांच्या जोडणीच्या काळात आपण असा विचार करत नव्हतो, कारण तेव्हा चुकीला जागा होती. त्या जोडणीतून नियमाप्रमाणे १५० वॅट घेतले जातात. बारा व्होल्टच्या तीन तारांवर ते वाटले की प्रत्येक तारेच्या वाट्याला चार अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह येतो, आणि हा प्रवाह त्या पिनांच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास असतो. २०२२ साली बाजारात आलेल्या १२व्हीएचपीडब्ल्यूआर या सोळा पिनांच्या जोडणीने हे गणित पार बदलून टाकले. येथे एकाच प्लगमधून ६०० वॅटपर्यंत वीज जाते, म्हणजे बारा व्होल्टला ५० अँपिअर; ते वीज आणणाऱ्या सहा जाड पिनांवर (आणखी सहा जाड पिना परतीच्या आणि चार लहान पिना संकेताच्या असतात) सारखे वाटले गेले तर प्रत्येकीवर ८.३ अँपिअर येतात, आणि प्रत्येक पिनेची मर्यादा सुमारे साडेनऊ अँपिअर धरलेली आहे. शिवाय शेजारच्या दोन पिनांतले अंतर ४.२ मिलिमीटरवरून ३ मिलिमीटरवर आले. चौपट वीज, लहान घर आणि हाताशी फारच थोडी राखीव क्षमता, अशी ही स्थिती आहे. अशा जोडणीत प्लग एक-दीड मिलिमीटर बाहेर राहणे ही किरकोळ बाब उरत नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये एनव्हीडिया कंपनीचे आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड आले आणि काही आठवड्यांतच वितळलेल्या प्लगची छायाचित्रे सर्वत्र दिसू लागली. नोव्हेंबरमध्ये एनव्हीडियाने आपल्याकडे जगभरातून सुमारे ५० प्रकरणे आल्याचे सांगितले आणि प्लग पूर्ण न बसणे हे त्यांतले एक समान कारण दिसते, असे म्हटले. स्वतंत्रपणे चाचण्या करणाऱ्यांनाही प्लग अर्धवट खोचून, त्यातही एका बाजूला तिरका ठेवून, तसेच वितळणे घडवून आणता आले. पुढे पूर्ण बसवलेल्या जोडण्याही तापल्याच्या तक्रारी आल्या आणि दोष बसवणाऱ्याचा की रचनेचा या वादात दोन्ही बाजूंना काही ना काही तथ्य आहे असे मला वाटते. परंतु एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती आणि आजही खटकते. अर्धवट बसलेला प्लग जर बसल्यासारखा दिसत असेल, तर सारा दोष बसवणाऱ्याच्या हातावर टाकता येत नाही. वस्तूनेच आपली अवस्था डोळ्यांना दाखवली पाहिजे. दुरंगी प्लगकडे मी वळलो तो याच विचाराने.

अर्धवट जोडणी ही तुटलेल्या जोडणीपेक्षा वाईट का, हे समजून घेतल्याशिवाय या रंगाचे मोल कळत नाही. जोड पूर्ण सुटला तर प्रवाह थांबतो, यंत्र बंद पडते आणि फारसे नुकसान होत नाही. जोड अर्धा लागला तर यंत्र चालू राहते आणि उष्णता नको त्या ठिकाणी साठत जाते. कार्डाकडची पिन टोकाला निमुळती असते आणि प्लगमधल्या स्प्रिंगसारख्या पट्ट्यांनी ती जाड भागावर घट्ट धरावी, अशी योजना असते. आत सरकताना त्या पट्ट्या पिनेवर घासल्या जातात आणि धातूवर जमलेला बारीक थर खरवडला जातो. त्यामुळे धातूला धातू स्वच्छपणे भिडतो. प्लग दोन मिलिमीटर आधीच थांबला, तर पकड निमुळत्या टोकावर येते, दाब कमी पडतो आणि स्पर्शाचे क्षेत्र घटते. स्पर्शाच्या जागेचा रोध पाच मिलिओहम असेल तर ८.३ अँपिअरला तेथे जेमतेम एक तृतीयांश वॅट उष्णता होते. साऱ्या पिनांवर तोच रोध पाचपट झाला, तर प्रत्येक पिनेपाशी पावणेदोन वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते. ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत, हवा न खेळणाऱ्या प्लास्टिकच्या घरात, ही उष्णता थोडी नाही.

तिरक्या बसलेल्या प्लगची गोष्ट याहून अवघड आहे. समजा एका कडेच्या दोन पिनांचा स्पर्श जवळजवळ सुटला. मग ५० अँपिअर उरलेल्या चार पिनांवर येतात, म्हणजे प्रत्येकीवर साडेबारा, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती सव्वादोन पट होते. येथे ज्या पिना नीट बसलेल्या आहेत, त्याच अधिक तापतात. अनेक कार्डांमध्ये सहाही पिना आत शिरताच एकत्र जोडलेल्या असतात, त्यामुळे कोणत्या पिनेतून किती प्रवाह जातो हे कार्डाला कळतच नाही. त्याला एकूण प्रवाह मिळतो आणि ते निश्चिंतपणे काम करत राहते. तापलेल्या पट्टीची ताकद कमी होते, ताकद कमी झाली की दाब घटतो आणि दाब घटला की रोध आणखी वाढतो. हे चक्र दिवसेंदिवस चालते आणि बाहेरून काहीच जाणवत नाही.

मी स्वतः हे एकदा अनुभवले आहे, आणि तेव्हा केबल जुन्या एकरंगी काळ्या प्रकारची होती. एका स्नेह्याच्या संगणकावर जड काम सुरू केले की पडदा काळा व्हायचा आणि पंखे पूर्ण वेगाने फिरू लागायचे. कार्डाची चालकप्रणाली (ड्रायव्हर) बदलून झाली, स्मृतीच्या पट्ट्या काढून घालून झाल्या, दुसरा पॉवर सप्लाय मागवण्याचे बोलणेही झाले. शेवटी विजेरी घेऊन बाजूने पाहिले, तेव्हा प्लगच्या एका टोकाशी नखाच्या जाडीएवढी फट दिसली. समोरून पाहणाऱ्याला तो प्लग नीट बसलेलाच वाटत होता. तो काढला तेव्हा कडेच्या एका छिद्राचे तोंड किंचित तपकिरी झालेले होते. काळ्या प्लास्टिकवरची काळी फट काचेच्या पलीकडे, कार्डाच्या सावलीत, कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

दुरंगी प्लगची खरी करामत नेमकी येथे दिसते. पूर्ण बाहेर राहिलेला प्लग कोणालाही ओळखू येतो. तिरका बसलेला प्लग ओळखणे कठीण असते. पिवळे टोक असेल तर तिरकेपणा पाचरीच्या आकारात उमटतो, म्हणजे एका बाजूला पिवळे नाहीसे झालेले आणि दुसऱ्या बाजूला बारीक पिवळी धार उरलेली दिसते. मी जोडलेल्या पाच यंत्रांपैकी दोन वेळा पहिल्या प्रयत्नात अशी धार दिसली, आणि दोन्ही वेळा माझ्या हाताला प्लग पूर्ण बसल्याची खात्री वाटत होती. इतकी वर्षे या कामात असलेल्या हाताची ही स्थिती असेल, तर पहिल्यांदाच संगणक जोडणाऱ्याची काय होईल याची कल्पना करावी. हाताला ही जोडणी फसवते याचे कारण असे की बारा जाड पिनांचा मिळून विरोध बराच असतो, आणि शेवटच्या टप्प्यावर तो विरोध म्हणजेच तळ लागला असे बोटांना वाटते.

रंगांची निवडही विचारपूर्वक झालेली आहे. पिवळा आणि काळा यांच्यातला फरक उजेडाच्या तीव्रतेचा असल्यामुळे लाल-हिरव्याचा भेद न दिसणाऱ्या माणसालाही तो दिसतो. मात्र कॅबिनेटमध्ये, म्हणजे संगणकाच्या बाहेरच्या पेटीत, रंगीत दिवे लावलेले असतील तर ते बंद करून पाहावे. गडद निळ्या प्रकाशात पिवळा भाग मळकट, जवळजवळ काळा दिसतो आणि सगळा उपयोग निघून जातो. साध्या पांढऱ्या विजेरीने, वरून, खालून आणि दोन्ही टोकांकडून पाहणे हाच योग्य मार्ग आहे. डोके आत जात नसेल तर भ्रमणध्वनीचा कॅमेरा आत धरून छायाचित्र घ्यावे आणि ते मोठे करून पाहावे.

आता ज्या गोष्टी रंग सांगत नाही, त्यांच्याकडे वळतो. पहिली गोष्ट खटक्याची. प्लगच्या वरच्या बाजूला जी जिभली असते, तिचा आकडा (हुक) सॉकेटवरच्या उंचवट्यापलीकडे उतरला पाहिजे. पिवळे दिसेनासे झाले आणि आकडा मात्र उंचवट्याच्या माथ्यावरच टेकून राहिला, असे होऊ शकते, विशेषतः जिभलीवर बोट दाबून धरत प्लग आत ढकलला असेल तर. मग आज खोलवर बसलेला प्लग केबलच्या ताणाने आणि तापण्या-गार होण्याच्या फेऱ्यांनी हळूहळू बाहेर सरकू शकतो. या केबलचा खटका बसताना येणारा आवाज माझ्या मते फारच मंद आहे. शांत खोलीत तो ऐकू येतो, पण पंखे चालू असलेल्या दुसऱ्या यंत्राशेजारी बसून काम करताना मला तो दोनदा ऐकूच आला नाही. म्हणून आवाजावर विसंबू नये. तारांना नव्हे, तर प्लगच्या अंगाला दोन बोटांनी धरून हलकेच मागे ओढून पाहावे. खटका बसला असेल तर प्लग जागचा हलत नाही. मोटारींच्या वायरिंगची जोडणी करणाऱ्यांना ढकलणे, खटका ऐकणे आणि ओढून पाहणे हा क्रम शिकवलेला असतो, आणि तोच येथेही लागू पडतो.

मोटारींचा विषय निघालाच आहे, तर तेथील एका जुन्या युक्तीचा उल्लेख करावासा वाटतो, कारण तिच्यापुढे ही पिवळी खूण अपुरी वाटते. मोटारीतल्या कित्येक जोडण्यांवर वेगळ्या रंगाचा एक लहानसा सरकता तुकडा असतो. जोडणी पूर्ण बसून खटका लागल्याशिवाय तो तुकडा आत सरकतच नाही, आणि एकदा सरकला की खटका चुकून उघडूही देत नाही. म्हणजे तपासणी आणि कुलूप ही दोन्ही कामे एकाच तुकड्यात होतात, आणि तो न सरकणे हीच चुकीची सूचना ठरते. इंजिनाच्या थरथरीत वर्षानुवर्षे टिकणाऱ्या जोडण्यांसाठी जी काळजी घेतली जाते, ती ५० अँपिअर वाहून नेणाऱ्या घरगुती जोडणीसाठीही घेतली जावी, ही माझी मनापासूनची अपेक्षा आहे. जागा कमी आहे ही अडचण मला मान्य आहे. तरीही पुढच्या आवृत्तीत असा तुकडा आला, तर मी जोडलेल्या पाचही यंत्रांच्या केबली बदलीन.

दुसरी गोष्ट प्लगच्या आतल्या, कार्डाच्या पिना ज्यांत शिरतात त्या धातूच्या खोबण्यांची. प्लगचे प्लास्टिक पूर्ण आत गेले, पण त्यातली एखादी धातूची खोबण आपल्या घरात नीट अडकलेलीच नसेल, तर पिनेने ती मागे ढकलली जाते आणि बाहेरून सारे ठीक दिसते. त्यामुळे प्लग खोचण्याआधी त्याच्या तोंडाकडून पाहून सर्व बारा खोबण्या एका पातळीत आहेत याची खात्री करावी. माझ्या केबलींमध्ये त्या सरळ होत्या. एका खोबणीत किंचित खेळ जाणवला, पण ती मागे जात नव्हती.

तिसरी गोष्ट, आणि माझी मुख्य तक्रार, केबलच्या दुसऱ्या टोकाची आहे. मी वापरत असलेल्या केबलीत पॉवर सप्लायकडचे टोकही सोळा पिनांचेच आहे, पण ते संपूर्ण काळे आहे. प्रवाह दोन्ही टोकांतून तेवढाच जातो, उष्णतेचे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत आणि पॉवर सप्लायकडचे टोक तर कॅबिनेटच्या तळाशी, झाकणाखाली, आणखी अंधारात असते. जेथे डोळ्यांना मदतीची अधिक गरज आहे, तेथेच रंग दिलेला नाही. हा दोष गंभीर आहे आणि तो दूर करणे अवघडही नाही.

केबल वळवण्याबाबत थोडे. प्लगपासून निदान ३५ मिलिमीटर तारा सरळ राहू द्याव्यात, असा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो योग्य आहे, कारण प्लगच्या मुळाशी तार वळवली की आतल्या खोबण्या एका बाजूला ओढल्या जाऊन तिरक्या होतात. ही केबल जाड आणि ताठ आहे. तिला वळण द्यायचे असेल तर जोडण्याआधीच, हातात असताना द्यावे. अरुंद कॅबिनेटमध्ये काचेचे दार लावताना केबल दाबली जाते आणि नीट बसलेला प्लग पुन्हा तिरका होतो, म्हणून शेवटची तपासणी दार लावल्यानंतर, काचेतून, अवश्य करावी. एका यंत्रात मला दार लावल्यावरच पिवळी धार दिसली. अशा अडचणीवर उपाय म्हणून काटकोनात वळलेले अडॅप्टर लावण्याचा मोह होतो. परंतु असेच अडॅप्टर सैल बसून तापण्याच्या धोक्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत परत मागवले गेले होते, हे लक्षात ठेवावे. प्रत्येक अडॅप्टर म्हणजे आणखी एक जोड, आणि तपासायची आणखी एक जागा.

ज्यांच्या कार्डावर २०२३ मध्ये आलेले सुधारित सॉकेट आहे, त्यांना आणखी एक संरक्षण मिळते. १२व्ही-२×६ या सुधारित सॉकेटमध्ये वीज वाहणाऱ्या पिना पाव मिलिमीटर लांब आणि बाजूच्या चार लहान संवेदक पिना दीड मिलिमीटर आखूड केल्या आहेत. प्लग पुरेसा आत गेल्याशिवाय या आखूड पिना टेकत नाहीत, आणि त्या टेकल्या नाहीत तर कार्डाने या जोडणीतून वीज घ्यायचीच नाही असा नवा नियम आहे. जुन्या नियमात अशाही स्थितीत १५० वॅटची मुभा होती. हा बदल कार्डाच्या बाजूचा आहे, केबल तीच चालते. नव्या सॉकेटवर एच++ अशी खूण असते. दुरंगी प्लग आणि हे सॉकेट एकत्र आले, तर एक चूक डोळ्यांना दिसते आणि दुसरी यंत्र स्वतःच अडवते. माझ्या कामाच्या संगणकात अशीच जोडी आहे. तरीही संवेदक पिना एका कडेला रांगेत असल्यामुळे लांबीच्या दिशेने झालेला थोडासा तिरकेपणा त्यांच्याकडून सुटू शकतो, म्हणून पाहणे आणि ओढून तपासणे मी सोडलेले नाही.

शक्य असेल तर कार्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधीच, टेबलावर असताना, वीज पूर्ण बंद करून केबल लावावी. कार्डाला मागून हाताचा आधार द्यावा, दोन्ही अंगठे प्लगच्या दोन टोकांवर ठेवावेत आणि डावे-उजवे न हलवता सरळ दाबावे. एकदा पक्की बसली की ती उगाच पुन्हा पुन्हा काढू नये. ही जोडणी ३० वेळा काढ-घाल करण्यापुरती प्रमाणित असते, आणि शंकेपोटी दर आठवड्याला प्लग काढून पाहणारा माणूस ज्या पकडीची काळजी करतो तीच झिजवत असतो. येथे दुरंगी प्लगचा एक फायदा आठ महिन्यांच्या वापरानंतर मला अधिक जाणवला: तपासणीसाठी हात लावावाच लागत नाही. धूळ पुसताना काचेतून नजर टाकली की काम होते. संगणक एका जागेहून दुसरीकडे हलवला असेल, तेवढ्याच वेळी मी दार उघडून प्लग ओढून पाहतो.

केबलीचा बाकीचा दर्जा चांगला आहे. तारा जाड आहेत, वरचे आवरण उसवलेले नाही आणि आठ महिन्यांत पिवळ्या प्लास्टिकचा रंग कुठेही काळवंडलेला दिसला नाही. नवा पॉवर सप्लाय निवडताना दोन पर्याय बाकी सारखे असतील, तर मी दुरंगी प्लग असलेलाच निवडीन. जुना पॉवर सप्लाय चांगला चालत असेल, तर केवळ रंगासाठी तो बदलण्याची गरज नाही, आणि दुसऱ्या पॉवर सप्लायची केबल आणून तर मुळीच लावू नये, कारण पॉवर सप्लायकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक उत्पादकाची वेगळी असू शकते.

पॉवर सप्लायकडच्या काळ्या टोकासाठी मी माझा उपाय केला आहे. प्लग पूर्ण बसवून, खटका तपासून, ओढून पाहिल्यावर प्लग आणि सॉकेट या दोहोंवरून जाणारी एक पांढरी रेघ टोकदार पेनाने आखून ठेवली आहे. प्लग जरासा सरकला तर ती रेघ सांध्याशी तुटलेली दिसेल. परवा झाकण काढून पाहिले, तेव्हा रेघ अखंड होती.